पांढऱ्यातला निळा

१

उस्ताद फरशीवर उताणे पडले होते आणि त्यांच्या टाचा एका पालथ्या घातलेल्या बादलीवर टेकवलेल्या होत्या. त्यांचा मुलगा धावत आत आला तेव्हा त्याला आधी दिसल्या त्या त्या टाचा. मग चुन्यासारखा पांढरा पडलेला चेहरा, कपाळावरचा घाम, आणि शेजारी गुडघे टेकून बसलेली बाई. तिच्या बोटांत उस्तादांचं मनगट होतं.

"अहो, पाणी द्या त्यांना!" मुलगा ओरडला.

"पाणी नाही द्यायचं." तिने मानही वर केली नाही. "अँब्युलन्स येतेय. तुम्ही दाराशी उभे राहा, त्यांना वाट दाखवा."

ही उस्तादांची दुसरी बायको. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. सगळा जन्म इस्पितळाच्या वॉर्डात काढलेला, त्यामुळे घरात, दारात, बाजारात तिला सगळे सिस्टरच म्हणत. आणि उस्ताद रंगांचे. गावात कुठलीही मोठी इमारत उभी राहिली की तिची शेड ठरवायला लोक त्यांच्या दुकानावरच्या या खोलीत यायचे. तुमच्याआमच्या लेखी पांढरा तो पांढरा. उस्तादांच्या लेखी पांढऱ्याचा मोठा गोतावळा होता: दुधी, शंखी, मोतिया, राखेरी, आणि "हा कुणाचाच नाही, वाट चुकलेला" असाही एक. त्या नजरेचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांना ताबडतोब आत घेतलं. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या.

"वाचलेत. छातीत आवळल्यासारखं झालं म्हणून जिभेखाली गोळी ठेवली, ते बरोबरच केलं. पण एका गोळीने रक्तदाब असा तळाला जात नाही."

मुलगा गर्रकन सिस्टरकडे वळला. "किती गोळ्या दिल्यात तुम्ही?"

"एक," सिस्टर म्हणाली. त्यापुढे तिने तोंड उघडलं नाही.

मुलाने दारावरच्या रखवालदाराला बजावलं, या बाईला आत सोडायचं नाही. मग कोपऱ्यात जाऊन त्याने फोन लावला.

"आत्या, असशील तशी ये. बाबांना विष घातलंय. कुणी घातलं तेही मला माहीत आहे."

२

आत्या म्हणजे उस्तादांची पाठची बहीण. पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेली. केस बारीक कापलेले, चाल अजून परेडची. तिने पहिल्यांदा वर्दी चढवली तेव्हा घरातले बाकीचे नाकं मुरडत होते; उस्ताद मात्र तिला हाताला धरून सबंध गल्लीतून मिरवून आले होते. तेव्हापासून तिला ते फौजदारच म्हणत.

मुलाने सगळं एका दमात सांगितलं. बाबांची औषधं त्या बाईच्या ताब्यात. गोळी दिली तिने, कोसळले ते लगेच. वर नुसत्या फरशीवर आडवं केलं, पाय उलटे टांगले आणि घोटभर पाणीसुद्धा पाजू दिलं नाही.

"आणि आत्या, ती नर्स आहे. गोळ्यांतलं तिच्याइतकं कुणाला कळतं? मी आता पोलिसांत चाललोय."

"पोलीसच आलेत असं समज," आत्या म्हणाली. "संध्याकाळपर्यंत कळ काढ. तोवर जिभेला कुलूप."

सिस्टर जिन्याजवळच्या बाकावर एकटी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर.

"वहिनी, काय झालं ते सांगा."

"मी जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेले होते. हे जिना चढून आले आणि छाती धरून उभे राहिले. आधी खुर्चीत बसवलं. ही गोळी उभ्याने घेतली तर माणूस भोवळ येऊन पडतो. मग एक गोळी जिभेखाली. तिच्याच काचेच्या बाटलीतली. मी ती दुसऱ्या डबीत कधी काढत नाही, उजेडाने नि हवेने ती मरते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर अँब्युलन्स, हे घरात ठरलेलं. पण दोन मिनिटांतच म्हणाले, डोकं हलकं झालं. नाडी हाताला लागेना. मग आडवं केलं, पाय वर घेतले. पायातलं रक्त हृदयाकडे यावं म्हणून. आणि शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जातं."

"हे त्या पोराला का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं कुठे, ताई? त्याने ठरवलं." सिस्टरचा आवाज जराही हलला नाही. "माझ्या हातून कधी चुकीची गोळी गेलेली नाही. याउपर सफाई देत बसायची मला सवय नाही."

आत्याला बाईचा तोरा आवडला. असा तोरा गुन्हेगाराकडे सहसा नसतो. त्याच्याकडे कारणांची रास असते.

"ही गोळी त्यांनी पूर्वी घेतली होती?"

"मागच्या महिन्यात एकदा. हीच बाटली, हीच गोळी. थोडं डोकं दुखलं, बाकी काही नाही. मीही इथे बसून तेच कोडं सोडवतेय." सिस्टरने पहिल्यांदाच नजर उचलली. "आणि सुटत नाहीये."

३

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ती छोटी तपकिरी बाटली होती. सिस्टरनेच ती अँब्युलन्सबरोबर पाठवली होती.

"औषध अस्सल आहे, मुदतीतलं आहे," त्या म्हणाल्या. "मला एक सांगा, पाय उंचावर कुणी ठेवले होते?"

"त्यांच्या बायकोने."

"मग माझ्या आधी त्यांनी वाचवलंय तुमच्या भावाला."

आत्याने मनातल्या मनात एक संशयित खोडला. मारायला निघालेली बाई बादली शोधत बसत नाही. पण मग उरलं काय? गोळी तीच, बाटली तीच, देणारा हात तोच. मागच्या महिन्यात नुसती डोकेदुखी आणि आज मरणाच्या दारात. काहीतरी बदललं होतं. गोळीत नाही, हातात नाही. म्हणजे ज्याच्या पोटात ती गेली त्या माणसातच.

"पोटात आधीपासून दुसरं काही असेल, आणि ही गोळी त्याला जाऊन मिळाली असेल, तर?"

"मलाही तोच संशय. शुद्धीवर आले तसं मी विचारलं, दुसरं कुठलं औषध घेतलंत का? अजिबात नाही म्हणाले. मुलगा होता, सूनबाई होत्या, सगळ्यांदेखत ठासून सांगितलं."

"सगळ्यांदेखत," आत्या पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी आवाज उतरवला. "रक्तदाब आता कुठे वर येतोय. पण धोका अजून टळलेला नाही. पुन्हा छाती दुखायला लागली तर मला याच जातीचं औषध, नायट्रेट, शिरेतून द्यावं लागेल. त्यांच्या अंगात काय आहे ते ठाऊक नसताना देणं म्हणजे आगीशी खेळ. शोधायचं असेल तर आज शोधा. उद्या त्याचा उपयोग नाही."

४

रंगाच्या खोलीत खिडकीजवळ एक फळी उभी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा रुंद पट्टा मारलेला. उस्तादांच्या हाताखाली केस पिकवलेला रंगारी तिच्यापुढे खिन्न बसला होता.

"सकाळी उस्तादांचे पैलवान दोस्त येऊन गेले आणि मग याच्यावरूनच वाजलं, ताई," तो म्हणाला. "नव्या नाट्यगृहाच्या छताची शेड. काल उस्तादांनी स्वतः बनवून पास केलेली. आज सकाळी बघतात तर म्हणाले, निळसर मारतोय, ओतून द्या. आम्ही सगळे चकित. मला तर शुभ्र दिसत होता. मग त्यांनी कारखान्यातून आलेला, सीलबंद, नुसत्या पांढऱ्याचा डबा फोडला. त्यात डोकावून म्हणाले, हाही निळा!"

"मग?"

रंगाऱ्याने दाराकडे बघितलं. दारात मुलगा येऊन उभा होता. उत्तर त्यानेच दिलं.

"मग मी म्हणालो, 'बाबा, आता डोळे तपासून घ्या, म्हातारे झालात.' सगळ्या कामगारांसमोर." त्याने फळीकडे बघायचं टाळलं. "ते तसेच तावातावाने खाली गोदामात गेले, जिना चढून वर आले, आणि छाती धरली."

आता आत्याला पुतण्याचं मन आरशासारखं दिसलं. बापाला आपल्या शब्दाने पाडलं, हे त्याला सोसवत नव्हतं. म्हणून गुन्हेगार दुसराच कुणीतरी असायला हवा होता.

ती फळीजवळ गेली. पट्टा तिच्या डोळ्यांना पांढराच दिसत होता.

"रंगारीदादा, डोळे म्हातारे झाले की पांढरं कसं दिसतं?"

"पिवळट, ताई. माझ्या मामांना मोतीबिंदू होता. त्यांना चादर कायम मळकी वाटायची. ऑपरेशन झाल्यावर मामीची माफी मागितली त्यांनी."

"पिवळट. मग दादाला निळं का दिसलं?"

रंगाऱ्याने पट्टा पुन्हा एकदा न्याहाळला.

"आज त्याच्यात आणखी काही वेगळं होतं?"

"चेहरा लालबुंद होता. आम्हाला वाटलं, राग. आणि टर्पेंटाइनचा डबा उघडा राहिला होता तरी त्यांना वास आला नाही. एरवी झाकण जरा सैल असलं तरी शिव्या घालतात. नाक चोंदलंय म्हणाले."

लाल चेहरा रागाचा. चोंदलेलं नाक सर्दीचं. निळा रंग म्हातारपणाचा. प्रत्येकाने एकेक गोष्ट पाहिली होती आणि ती वेगळ्या खुंटीला अडकवून ठेवली होती. पण तिन्ही एकाच सकाळी?

इतक्यात जिन्यावर जड पावलं वाजली आणि उस्तादांचा जिवलग मित्र आत आला. हा पैलवान. तालीम चालवायचा. एवढा मोठा गडी, पण डोळे रडून सुजलेले.

"कसा आहे माझा दोस्त?"

"जिवंत आहे. सकाळी आला होतास म्हणे त्याच्याकडे?"

"असाच. गप्पा मारायला." पैलवानाने बोलताबोलता रंगात छटा आणायच्या स्टेनरच्या डब्यांच्या मांडणीकडे चोरटी नजर टाकली आणि नाक ओढलं. त्याचे कान, गाल, मान, सगळं तांबूस झालं होतं.

"सर्दी झालीय?"

"दोनतीन दिवस झाले. जातच नाही."

आत्याने खिडकीजवळची पट्टा मारलेली फळी उचलून त्याच्यापुढे धरली. "पैलवान, हा रंग कुठला?"

पैलवानाने डोळे बारीक केले.

"पांढरा. म्हणजे... कडेने जरासा निळा आहे, नाही का?"

रंगाऱ्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

५

"त्या मांडणीवर काय ठेवलंयस?" आत्याने विचारलं. ही तिची जुनी, ठाण्यातली पट्टी होती. आवाज चढायचा नाही, उलट उतरायचा.

"कुठे काय, ताई..."

"दादाचा जीव टांगलाय, पैलवान. लाज नंतर वाटून घे."

पैलवान मटकन स्टुलावर बसला. मग उठून त्याने निळ्या आणि हिरव्या स्टेनरच्या डब्यांमागे हात घातला आणि एक चपटा डबा काढला. आत हिरवट भुकटी होती आणि लाकडी चमचा.

"झाडपाल्याचं चूर्ण आहे. बाजाराच्या तोंडाशी एक माणूस विकतो. शपथ घेऊन सांगतो ताई, त्यात गोळीबिळी काही नाही, शुद्ध वनस्पती. दोस्त म्हणत होता, नाट्यगृहाच्या परांचीवर चढायचंय आणि दम पुरत नाही. शिवाय या वयात नवं लग्न... पुरुष माणसाला वाटतं ना, कमी पडू नये. आज सकाळीच हा डबा आणून दिला, म्हटलं, एक चमचा घे. त्याने दोन घेतले. वहिनींना कळलं तर फेकून देतील म्हणून इथे लपवलं."

"तूही घेतोस?"

"रोज."

आत्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"माणसाचा चेहरा लाल होतो, नाक चोंदतं आणि पांढरं निळसर दिसायला लागतं, असं कुठलं औषध आहे?"

"आहे. पुरुषांनी ताकदीसाठी घ्यायची गोळी. डोस जास्त झाला की निळं दिसतं. पण ते तर नाही म्हणाले..."

"त्याला ठाऊकच नाही. पाल्याची भुकटी म्हणून खाल्लीय. त्यात कुणीतरी ती गोळी कुटून घातली असणार."

"त्यांना आत्ताच पुन्हा दुखायला—" डॉक्टरीणबाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मग फोनपासून दूर, पण स्पष्ट, त्यांचा आवाज ऐकू आला. "ती ड्रिप जोडू नका! हात थांबवा! नायट्रेट नाही द्यायचं, अजिबात नाही!"

मग नुसती धावपळीची पावलं. फोन तसाच चालू होता.

६

दुसऱ्या सकाळी उस्ताद उशीला टेकून बसले होते. दुखणं वेगळ्या औषधाने आटोक्यात आलं होतं. डॉक्टरीणबाई पायथ्याशी उभ्या होत्या, मुलगा खिडकीशी, पैलवान दाराआड, जमेल तेवढा लहान होऊन.

आत्याने सगळं मांडलं. "हृदयाची गोळी रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून छातीवरचा ताण उतरतो. चूर्णातली गोळीही त्या सैल करते. दोघी एकत्र आल्या की रक्तदाबाचा पायाच निखळतो. वहिनींनी दिलेली गोळी बरोबर होती. तिच्या आधी पोटात जाऊन बसलेला चोर कुणाला ठाऊक नव्हता. ना वहिनींना, ना तुला."

"पण फौजदार, तुला कसं कळलं?"

"तुझ्यामुळे. सगळे म्हणाले, उस्तादांची नजर चुकली. मी म्हटलं, माझ्या भावाची नजर पांढऱ्यावर चुकत नाही. तो निळं म्हणत असेल तर त्याला निळं दिसलं. मग ते निळं आलं कुठून, एवढंच शोधायचं होतं."

उस्तादांनी मान उचलली आणि त्यांची छाती, दुखरी असूनही, रुंद झाली.

"म्हणजे माझे डोळे धड आहेत."

"ठणठणीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जीभ मात्र सुधारा. औषध म्हणजे फक्त दवाखान्यातलं नव्हे. पाला, चूर्ण, शक्तीचं चाटण, जे काही पोटात जातं ते सगळं मला सांगायचं. ही दोन औषधं एकमेकांपासून दोन दिवस दूर ठेवावी लागतात. त्याहूनही बरं म्हणजे, तुम्ही ती ताकदीची गोळी विसरा."

पुढे तपासणीत आत्याचा अंदाज अचूक निघाला. तिच्या हाताखाली तयार झालेला एक अधिकारी बाजाराच्या तोंडाशी जाऊन त्या विक्रेत्याला त्याच्या सगळ्या डब्यांसकट उचलून घेऊन आला.

पण तो पुढचा भाग. त्या सकाळी मुलगा खोलीबाहेर गेला. सिस्टर अजून त्याच बाकावर होती. रात्रभर ती तिथून हलली नव्हती.

"मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला.

"बोललात."

"बाबा बोलावतायत. म्हणजे मीही बोलावतोय. चला."

सिस्टर उठली, पदर नीट केला. "पुढच्या वेळी आधी विचारा," ती म्हणाली. "मी उत्तर देते." आणि ती त्याच्या पुढून, ताठ मानेने आत गेली. रखवालदार खुर्चीवरून उठून उभा राहिला.

७

महिन्याभराने उस्तादांनी पैलवानाच्या तालमीत गावातल्या पिकल्या केसांची सभा बोलावली. पैलवानाने सतरंज्या अंथरल्या, मुलाने खुर्च्या लावल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी सिस्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसली. आत्या मागे भिंतीला टेकून उभी होती.

"मला भाषण येत नाही," उस्ताद म्हणाले. "मला डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेतलंत का? मी म्हणालो, नाही. पाल्याला औषध म्हणतात हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगतो, सुनेसमोर लाजही वाटली. त्या एका 'नाही'पायी मी मेलो असतो, आणि जिने मला वाचवलं तिच्या हातात बेड्या पडल्या असत्या. आता सांगा, छातीच्या दुखण्याची गोळी कुणाकुणाच्या खिशात आहे? हात वर."

बरेच हात वर झाले.

"आता त्यातले जे गुपचूप आणखी काही घेतात, त्यांनीच हात वर ठेवा."

सगळे हात झटक्यात खाली आले. कुणी सतरंजीचे धागे मोजायला लागलं, कुणाला छताचे वासे आवडले. उस्ताद हलले नाहीत. रंग वाळायची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेला होता.

मग पुढच्याच रांगेतून, एका निवृत्त न्यायाधीशांचा हात कोपरापर्यंत वर आला. थबकला. आणि पुरता उंच झाला. त्यामागे शाळेच्या मुख्याध्यापकांचा. मग दारापासच्या शिंप्याचा. मग कुणाचा कुठला ते कळेना.

तालमीत कुणी हसलं नाही.

उस्तादांनी वळून बायकोकडे बघितलं. असं, की बघणाऱ्यांना त्या माणसाचा हेवा वाटावा. सिस्टरने समोरची खुर्ची ओढली.

"या साहेब," ती न्यायाधीशांना म्हणाली, "पहिला नंबर तुमचा."